‘येतो’ म्हणण्याचा दिवस

परक्या शहरातील सुटीचा शेवटचा दिवस मोठा चमत्कारिक असतो. सामान बांधून झालेले असते. खोली सकाळी दहा-अकराच्या आत रिकामी करावी लागते आणि विमान मात्र रात्रीचे असते. मधले सात-आठ तास कोणाच्याच मालकीचे नसतात. त्या शहरावरचा आपला हक्क संपलेला असतो आणि घरची कर्तव्ये अजून सुरू झालेली नसतात. अशा वेळी माणूस काय करतो, हे पाहण्यासारखे असते. सातारा-सांगलीकडच्या आपल्या कुटुंबांनाही आता हा दिवस अनोळखी राहिलेला नाही. कोणाचा मुलगा दुबईत असतो, कोणाची मुलगी लंडनच्या रुग्णालयात परिचारिका असते, कोणी निवृत्तीनंतर सहल-कंपनीबरोबर युरोप पाहून येतात. परतल्यावर सारेजण पहिल्या दिवसाचे वर्णन करतात. शेवटच्या दिवसाविषयी सहसा कोणी बोलत नाही. आम्हांस मात्र तो दिवस अधिक विचारणीय वाटतो.

बहुतेकांचा तो दिवस बाजारात जातो. शेजाऱ्यांसाठी चॉकलेटे, भाच्यासाठी टोपी, फ्रिजच्या दारावर चिकटवायचे चित्र, हे सारे त्याच दिवशी घेतले जाते. उरलेले परकी पैसे घरी नेऊन काय करायचे, म्हणून नको असलेल्या वस्तूही घेतल्या जातात. बॅगेचे वजन तेवीस किलोंच्या आत बसावे म्हणून जुने बूट खोलीत सोडले जातात. ज्यांना बाजाराचा सोस नसतो ते राहिलेली स्थळे ‘उरकण्या’साठी धावतात. या साऱ्याला आपल्याकडे एक नेमका शब्द आहे : पैसे वसूल. शेवटचा दिवस हा बहुतेकांना वसुलीचा दिवस वाटतो.

आणि तरीही त्याच दिवशी आणखी एक गोष्ट घडते. पहिल्या दिवशी जे शहर डोळ्यांत भरले होते आणि चौथ्या दिवशी जे दिसेनासे झाले होते, ते पुन्हा दिसू लागते. कोपऱ्यावरचा पाववाला, खिडकीतली फुलझाडे, ट्रामची घंटा या गोष्टी रोज तिथेच होत्या. पण आज त्यांच्याकडे पाहताना पाऊल रेंगाळते. याचे कारण सांगणे अवघड नाही. जे संपत आले, ते मोलाचे वाटते. परंतु एवढ्या उत्तराने समाधान होत नाही. संपत आलेल्या ताटावर तुटून पडणारा माणूस असतो आणि संपत आले म्हणून आपल्या पानातला घास शेजाऱ्याच्या पानात वाढणाराही असतो. वेळ थोडा उरला, ही जाणीव दोघांना सारखीच असते. तेव्हा प्रश्न वेळेचा नसून नात्याचा आहे. ज्या शहरात आपण दहा दिवस राहिलो त्याचे आपण कोण होतो : गिऱ्हाईक की पाहुणे?

जर्मन तत्त्वज्ञ कान्ट यांनी १७९५ मध्ये शाश्वत शांततेवर एक निबंध लिहिला. त्यात त्यांनी भेटीचा हक्क आणि पाहुणचाराचा हक्क असा भेद केला आहे. पृथ्वी गोल आहे, माणसे तिच्यावर अमर्याद पांगू शकत नाहीत, त्यांना एकमेकांना सहन करावेच लागते. म्हणून परक्याला दुसऱ्याच्या भूमीवर शत्रूसारखे न वागवले जाण्याचा हक्क आहे. पण पाहुणा म्हणून राहण्याचा हक्क निराळा. त्यासाठी घरधन्याची खास मर्जी लागते. व्हिसा आणि तिकीट यांनी आपल्याला पहिला हक्क मिळतो. दुसरा विकत मिळत नाही. हॉटेलचे बिल कितीही मोठे असले तरी ते फेडल्याने माणूस पाहुणा होत नाही.

पाहुण्याची कर्तव्येही असतात, याची आठवण संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात आपल्या नियमग्रंथात करून दिली आहे. आलेल्या प्रत्येकाचे स्वागत ख्रिस्ताचे करावे तसे करा, हा त्यांचा आदेश प्रसिद्ध आहे. त्याच ग्रंथाच्या एकसष्टाव्या प्रकरणात दूरदेशाहून आलेल्या मठवासी पाहुण्याविषयी जे लिहिले आहे, ते तेवढे प्रसिद्ध नाही. जे मिळेल त्यात त्याने संतोष मानावा, मागण्या करून घर विस्कटू नये. आणि त्याने नम्रपणे एखादी उणीव दाखवलीच तर मठाधिपतीने रागावू नये, कदाचित देवाने त्याला त्याचसाठी पाठवले असेल, असा विचार करावा. म्हणजे पाहुणा हा केवळ घेणारा नव्हे, तोही त्या घराला काही देऊन जातो.

आपल्या खेड्यापाड्यांतून ही समज अजून आहे. पाहुणा निघाला की हातावर दही पडते, लेकीबाळींची ओटी भरली जाते, पिशवीत शेंगा किंवा गुळाची ढेप जाते आणि घरचे कोणीतरी एस.टी. स्थानकापर्यंत पोचवायला येते. आणि पाहुणा निघताना काय म्हणतो? ‘येतो’ म्हणतो. लहान मूल चुकून ‘जातो’ म्हणाले तर आजी लगेच दटावते, “जातो म्हणू नये रे, येतो म्हणावं.” जाणे हे क्रियापद आपण मृतांसाठी राखून ठेवले आहे, ‘ते गेले’ म्हटले की विचारावे लागत नाही. जिवंत माणसाने उंबरा ओलांडताना परतण्याचीच भाषा बोलायची, असा आपल्या भाषेचा दंडक आहे.

मग परक्या शहराच्या शेवटच्या दिवशी ‘येतो’ कोणाला म्हणायचे? आणि पुन्हा येणे होणार नाही हे पक्के ठाऊक असताना ‘येतो’ म्हणणे खरेपणाचे आहे काय? हा प्रश्न आम्हांला काही वर्षांपूर्वी रोममध्ये पडला. सुटीचे दहा दिवस आम्ही तेथे काढले. मोठ्या रेल्वे स्थानकाजवळच्या एका गल्लीत आमचा मुक्काम होता आणि खालीच एका बांगलादेशी गृहस्थाचे फळांचे लहानसे दुकान होते. रोज सायंकाळी आम्ही त्याच्याकडून केळी घेत असू. मोडक्या हिंदीत दोन शब्दांची देवाणघेवाण होई. शेवटच्या दिवशी, उद्यापासून आम्ही येणार नाही, एवढे सांगावे म्हणून दुकानात गेलो. त्याने केळ्यांचे पैसे घेतले. पण पिशवीत दोन संत्री आपणहून टाकली. निघताना सवयीने आमच्या तोंडून मराठीतच गेले, “बरं, येतो.” त्याने अर्थ विचारला. आम्ही सांगितला. तो हसला आणि म्हणाला, आमच्या बंगालीतही निघताना ‘आशि’ म्हणतात, त्याचा अर्थ हाच. मग थोडा थांबून म्हणाला, सहा वर्षांपूर्वी आईला ‘आशि’ म्हणून निघालो, कागदपत्रे पुरी झाली नाहीत म्हणून अजून जाता आलेले नाही. दर महिन्याला पैसे मात्र चुकत नाहीत, असेही त्याने सांगितले.

विमानात बसल्यावरही ते संभाषण मनातून जाईना. त्याने आईला दिलेला शब्द खरा की खोटा? आणि आम्ही त्याला दिलेला? सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना संत आगुस्तीन यांचे असत्यावरील दोन ग्रंथ आम्हांला अभ्यासावे लागले होते. चौथ्या शतकाच्या अखेरीस एक आणि पाचव्याच्या आरंभी दुसरा, असे ते लिहिले गेले. असत्याच्या बाबतीत आगुस्तीन अत्यंत कडक आहेत. कोणाचा जीव वाचवण्यासाठीही खोटे बोलू नये, असे त्यांचे मत. पण तेही थट्टेच्या बोलण्याला असत्यात मोजत नाहीत. कारण बोलणाऱ्याच्या स्वरावरून, मुद्रेवरून ऐकणाऱ्याला खरे काय ते कळते. फसवण्याचा हेतू नसेल, आणि कोणी फसतही नसेल, तर तेथे असत्याचा दोष लागत नाही. ‘येतो’ ऐकून कोणी दुसऱ्या दिवशी दार उघडे ठेवून बसत नाही. तेव्हा तो शब्द खोटा नाही, एवढे तरी निश्चित म्हणता येईल.

येथे एक भेद मात्र काटेकोरपणे केला पाहिजे. शेवटच्या दिवशी ‘येतो’बरोबर आणखीही पुष्कळ शब्द सहज दिले जातात. ‘आपण काढलेला फोटो पाठवतो’, ‘पोचल्यावर पत्र लिहितो’, ‘तुमच्या मुलासाठी आमच्याकडे चौकशी करतो’. ही निरोपाची रीत नव्हे. ही वचने आहेत. ‘येतो’ म्हटल्यावर कोणी दिवस मोजत नाही. ‘फोटो पाठवतो’ म्हटल्यावर समोरचा मोजतो. ज्या बाईने आपल्या मुलांसह तुमच्याबरोबर उभे राहून छायाचित्र काढू दिले, ती महिनाभर वाट पाहते आणि मग परदेशी माणसांविषयी तिचे एक मत बनते. आपण पुन्हा त्या गावी जाणार नसतो, म्हणून ते मत आपल्याला कधी कळत नाही. ज्याला जाब विचारता येणार नाही त्याला दिलेला शब्द पाळणे, ही सचोटीची खरी कसोटी आहे. सुटीच्या शेवटच्या दिवशी बाजाराच्या यादीबरोबर अशा वचनांचीही यादी करावी, आणि जे होणार नाही ते बोलूच नये.

आता ‘येतो’कडे वळू. तो खोटा नाही हे खरे. पण म्हणून तो निव्वळ पोकळ आहे काय? रोम शहराने या प्रश्नाचे एक उत्तर फार पूर्वीपासून देऊन ठेवले आहे. तेथे त्रेव्ही नावाचे भव्य कारंजे आहे. निकोला साल्वी या वास्तुशिल्पकाराने १७३२ मध्ये त्याचे काम आरंभिले. ते पुरे झाले १७६२ मध्ये, साल्वीच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी. त्यातले पाणी ज्या जलवाहिनीचे, ती मात्र ख्रिस्तपूर्व १९ या वर्षी अग्रिप्पाने शहरात आणलेली. रोम सोडण्यापूर्वी या कारंज्याकडे पाठ करून, उजव्या हाताने डाव्या खांद्यावरून नाणे पाण्यात टाकले, की माणूस पुन्हा रोमला येतो, अशी समजूत आहे. १९५४ च्या एका हॉलिवूड चित्रपटाने ती जगभर पसरवली. वरवर पाहता हा सौदाच आहे. एक नाणे द्या आणि परतीची हमी घ्या. बहुतेक नाणी टाकणारे पुन्हा येत नाहीत हे सांगायला गणिताची गरज नाही.

पण त्या नाण्यांचे पुढे काय होते ते पाहावे. ती नियमाने पाण्यातून काढली जातात आणि रोमच्या कारितास या धर्मप्रांतीय सेवासंस्थेकडे जातात. २०१८ च्या सुमारास ही रक्कम वर्षाला सुमारे पंधरा लाख युरो भरत होती. तिच्यातून त्या शहरातल्या गरिबांसाठी अन्नछत्रे आणि निवारे चालतात. म्हणजे कोण्या कुटुंबाने सुटीच्या शेवटच्या दुपारी हसत हसत टाकलेले नाणे पुढच्या महिन्यात एखाद्या बेघर माणसाच्या ताटात वरणासारखे वाढले जाते. नाणे टाकणारा आला नाही. त्याचे काहीतरी आले. ज्याच्यापर्यंत ते आले त्याची आणि याची भेट कधीच होणार नाही.

आमच्या फळवाल्याचा ‘आशि’ आम्हांला या प्रकाशात खरा वाटतो. तो आईकडे सहा वर्षांत गेला नाही. पण दर महिन्याला त्याचे काहीतरी त्या घरात येत राहिले. ‘येतो’ या शब्दाने माणूस आपल्या देहाच्या येण्याची हमी देत नसतो. ती कोणाच्या हातात आहे? आपला व्यवहार येथे संपला नाही, खाते बंद करून मी चाललो नाही, एवढेच तो सांगत असतो. गिऱ्हाईक पैसे चुकते करून मोकळे होते. पाहुणा मोकळा होत नाही. तो ऋण बरोबर घेऊन निघतो आणि ते कबूल करतो.

साताऱ्याच्या मातीत याच शब्दाची एक फार मोठी कसोटी लागून गेली आहे. रंगो बापूजी गुप्ते हे नाव आपल्या जिल्ह्यात मुलांनाही ठाऊक आहे. १८३९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने छत्रपती प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीस पाठवले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी विलायतेस गेले आणि जवळपास चौदा वर्षे लंडनमध्ये राहिले. ती सुटी नव्हती, हे सांगायला नको. कंपनीच्या भागधारकांच्या सभांपुढे, पार्लमेंटच्या सभासदांपुढे ते दाद मागत राहिले. जॉर्ज थॉम्सन आणि जोसेफ ह्यूम यांच्यासारख्या इंग्रजांनी त्यांना साथही दिली. पण १८४७ मध्ये महाराज काशीसच निवर्तले आणि १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्यच खालसा झाले. ज्याच्यासाठी गेले तो राजा नाही, ज्या गादीसाठी गेले ती गादी नाही, अशा स्थितीतही ते दिवंगत महाराजांच्या कुटुंबाची बाजू मांडत आणखी काही वर्षे तेथे राहिले आणि १८५३ मध्ये त्यांनी लंडन सोडले.

जगातल्या सर्वांत श्रीमंत शहरातून चौदा वर्षांनंतर निघालेल्या या माणसाच्या हाती काहीही नव्हते. आपण सुटीवरून परतताना रिकाम्या हाताने घरी कसे जायचे, या चिंतेत शेवटचा दिवस घालवतो. त्यांनी मात्र रिकाम्या हाताने परत येणे पत्करले, कारण माणसाचे परत येणे हीच त्या शब्दाची फेड होती. पुढे १८५७ मध्ये साताऱ्यातील उठावाच्या तयारीत ते होते. तो बेत फुटला. ८ सप्टेंबर १८५७ रोजी गेंडामाळावर सतरा जणांना देहान्त शिक्षा झाली. त्यांत रंगो बापूजींचे पुत्र सीतारामही होते. स्वतः रंगो बापूजी इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत. या वेळी ते गेले, ते कोणाचाही निरोप न घेता. अजिंक्यताऱ्याच्या बाजूला असलेल्या चार भिंतींच्या स्मारकाकडे सातारकर सायंकाळी फिरायला जातात. त्यांचे पहिले ‘येतो’ चौदा वर्षांनी खरे झाले, आणि दुसऱ्या वेळी ते म्हणायलाही सवड मिळाली नाही, ही गोष्ट तेथे उभे राहिल्यावर आठवावी अशी आहे.

हा सारा विचार शेवटी आपल्या घरच्या उंबऱ्याशी येऊन थांबतो. विटा, खानापूर, आटपाडीकडची माणसे पिढ्यान्‌पिढ्या सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी केरळपासून पंजाबपर्यंत पांगली आहेत. दुष्काळाने त्यांना बाहेर काढले, पण गावच्या यात्रेला ती येतात. त्यांच्या सुटीचा शेवटचा दिवस परक्या शहरात नसतो, आपल्याच गावात असतो. परदेशी गेलेल्या आपल्या मुलाबाळांचेही आता तेच झाले आहे. नातवंडांना सातारा हेच परके शहर असते. दोन आठवडे ती येथे सुटी घालवतात आणि शेवटच्या दिवशी त्यांच्या बॅगा वऱ्हांड्यात उभ्या राहतात. अशा घरांत त्या दिवशी आमचे जाणे होते. सगळे बाजारात गेलेले असतात, चटण्या-लोणची घ्यायला. म्हातारी आई एकटी घरात असते. ती म्हणते, “फादर, सगळं मिळालं, पण बसणं झालं नाही.” रात्री गाडी निघताना मुलगा पाया पडतो आणि ‘येतो, आई’ म्हणतो. तीही ‘ये’ म्हणते. हे कदाचित शेवटचेच, हे दोघांनाही ठाऊक असते. आणि तरी दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नसते. पण त्या शब्दामागे दर रविवारचा फोन असतो की नसतो, आजारपणात कोणाला तरी पाठवणे असते की नसते, यावर तो शब्द भरलेला की रिता हे ठरते. आणि ती दुपार बाजारात न घालवता तिच्याजवळ बसून घालवली असती, तर त्या ‘येतो’चा पहिला हप्ता तेथेच पोचता झाला असता.

म्हणून आमचे सांगणे थोडके आहे. सुटीचा शेवटचा दिवस वसुलीसाठी खर्च करू नये. तो देण्यासाठी राखावा. जिने रोज आपली खोली झाडली तिचे नाव विचारून तिचे आभार मानावेत. मागे सोडायचे बूट फेकून न देता कोणाच्या उपयोगी पडतील का ते पाहावे. उरलेली नाणी नको असलेल्या वस्तूंत न घालता त्या शहरातल्या एखाद्या गरजूच्या हाती किंवा दानपेटीत टाकावीत. जे शब्द दिले ते टिपून घ्यावेत. मुक्काम आप्तांच्या घरी असेल तर त्या दुपारी कोठेही जाऊ नये, घरातच बसावे. एवढे केले की निघताना ‘येतो’ म्हणायला हरकत नाही. आपण पुन्हा येऊ अथवा न येऊ, तेथे आपले काहीतरी येत राहील.